वातीवालीने न विचारलेला प्रश्न

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाची वेस आज कुणी दाखवू शकणार नाही. त्या गावात एक म्हातारा तेली राहत असे. त्याच्या घाण्यामागे त्याच्याच मालकीची मातीची घरं होती, एका ओळीत, एकमेकांना खेटून, आणि त्यांत भाडेकरू राहत.

ओळीतल्या शेवटच्या घरात एक वातीवाली होती. देवळांना, घरांना, लग्नाच्या मांडवांना लागणाऱ्या वाती ती मांडीवर वळत असे. हात असे स्थिर, की शंभर वाती वळल्या तरी कुठली आधीची आणि कुठली नंतरची ते सांगता येऊ नये. मन मात्र सदा फडफडत असे. शेजारी भांडं पडलं की ही दचके. दाराची कडी वाजली की तिचा हात आधी छातीवर जाई आणि मग कडीवर.

त्याला कारण होतं. पूर्वी ती दुसऱ्या एका गावी राहायची. तिथल्या मालकाने एके सकाळी सांगितलं, "घर दुरुस्त करायचंय, थोडे दिवस कुठेतरी जा." ती गेली. परत आली तेव्हा घराला नवा दरवाजा होता, आणि दरवाजात उभी राहून दुसरीच कुणी बाई केस विंचरत होती. तेव्हापासून 'दुरुस्ती' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे आपलं बोचकं येई.

आणि नेमका तिच्याच भिंतीला तडा गेला होता. शेजारच्या शिंप्याचं घर आणि तिचं घर यांच्यामधली ती भिंत. तडा आधी केसाएवढा होता, मग बोटाएवढा झाला. तिने काय केलं? तड्यापुढे कापसाचं पोतं ठेवलं. तडा वर चढला, तसं तिने पोत्यावर पोतं चढवलं. मालकाच्या कानावर घालायची तिला भीती वाटे. तो म्हणेल, तूच खुंट्या ठोकल्यास, तूच भिंत खिळखिळी केलीस, उचल आता सामान.

एका वर्षी पाऊस सरला, उन्हं कोवळी झाली, आणि तेल्याने ठरवलं की सगळी ओळ नीट करून घ्यायची. जमिनी चोपायच्या, भिंती सावरायच्या, कौलं चाळायची.

या तेल्याची एक रीत होती, त्याच्या आजापासून चालत आलेली. कामाला हात लावण्याआधी तो प्रत्येक भाडेकरूच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. काय काय होणार ते सगळं सांगे. आणि त्या भाडेकरूने एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय गवंड्याला पहार उचलू देत नसे. विचारलं नाही म्हणजे ऐकलंच नाही, असा त्याचा हिशेब.

पहिल्या घरात कासारीण राहत होती, बांगड्यांनी आणि तोंडाने, दोन्हींनी श्रीमंत.

तेली तिला म्हणाला, "कासारीणबाई, परवापासून तुमची जमीन उकरणार. धूळ उडेल. पाण्याचे हंडे झाकून ठेवा. गवंडी न्याहारी करून येईल आणि दिवेलागणीच्या आत जाईल. काम होईतो तुम्ही माझ्या घाण्याच्या पडवीत राहा, चूल मांडून ठेवली आहे. सामान माझी माणसं नेतील आणि तीच परत आणून लावतील. भाडं आहे तेच. आता विचारा."

"विचारते तर. तुमच्या माणसांनी माझ्या बांगड्या फोडल्या तर?"

"मी भरून देईन."

"आणि तुमचा बैल सकाळी सकाळी पडवीत डोकं घालतो, त्याचं काय?"

"त्याला पलीकडे बांधीन."

"मग खुशाल खणा," कासारीण म्हणाली. "नाहीतरी या जमिनीत माझ्यापेक्षा उंदरांचीच वहिवाट जास्त आहे."

शिंप्याचा प्रश्न निराळा होता. दारात मातीचा ढीग पाहून गिऱ्हाईक परत गेलं तर? तेल्याने ओळीच्या तोंडाशी एक बांबू रोवून त्यावर शिंप्याने शिवलेला अंगरखा टांगायचं कबूल केलं. अंगरखा दिसला की शिंपी इथेच आहे हे लोकांना कळेल. शिंपी खूश झाला.

मग तेली वातीवालीच्या उंबऱ्यावर आला. ती पोत्यांना पाठ लावून बसली होती.

"तुझी कौलं चाळायची आहेत," तेली म्हणाला. "एका दिवसाचं काम. भिंतीला काही लागत असेल तर तेही आत्ताच सांग, म्हणजे चुना तेवढा भिजवता येईल. आणि विचार काय विचारायचं ते."

प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला. तिथे थोडा रेंगाळला. आणि आल्या वाटेने परत गेला.

"गवंड्याला ताक द्यायचं की पाणी?" तिने विचारलं.

तेली तिच्याकडे बघत राहिला. "दोन्ही चालेल. हाच प्रश्न आहे तुझा?"

"हो."

रीत पुरी झाली. तेल्याची नजर एकदा त्या पोत्यांवरून फिरली. पण भाड्याने दिलेल्या घरात आपण होऊन काही सरकवायचं नाही, हीही त्याचीच रीत होती. तो उठला.

काम सुरू झालं. कासारणीच्या बांगड्या पेंढ्यात बसून पडवीत गेल्या, त्यांच्यामागे कासारीण गेली. वातीवाली दाराच्या फटीतून बघत होती. गेल्या बिचाऱ्या, ती मनात म्हणाली. आता कसल्या परत येतात.

पण कासारीण परत आली. चोपलेल्या जमिनीवर पाऊल टाकून म्हणाली, "इतकी गुळगुळीत कुणी करायला सांगितली होती? पाय घसरतो माझा." आणि दिवसभर ती जमीन हात फिरवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसली.

मग शिंप्याच्या घरात काम लागलं. गवंडी त्या मधल्या भिंतीचा जुना गिलावा काढू लागला. पलीकडे ठोका पडला की अलीकडे वातीवाली दचके. वळता वळता वात तुटू लागली, हे तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तड्यातून माती झरे आणि पांढऱ्या कापसावर तांबूस बसे. ती माती झटकी, पोती घट्ट लोटी, शेवटी स्वतःच पाठ टेकून बसे. आपण बसलो आहोत तोवर भिंत उभी आहे, असं काहीसं तिला वाटत होतं.

एकदा ती पाणी प्यायला उठली मात्र. पलीकडून पहार पडली आणि ढेकळं धबाधब खाली आली. वरचं पोतं गडगडत चुलीशी गेलं. धूळ बसली तेव्हा भिंतीत खिडकीएवढं भगदाड होतं, आणि भगदाडात शिंप्याचा चेहरा.

"ताई," शिंपी म्हणाला, "तुमचा कापूस दिसतोय."

"नाही दिसत."

"पांढरा आहे."

"असेल."

 शिंप्याने वर बघितलं, तड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही आधी भिंतीपासून लांब व्हा. मी तेलीकाकांना घेऊन येतो."

तो जाऊन येईतो वातीवालीने बोचकं बांधायला घेतलं. लुगडी घातली, तांब्या घातला. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. कुठे जायचं ते काही सुचेना.

शिंपी परत येऊन पलीकडे आपल्या घरात भगदाडाशी उभा राहिला; तेली आला आणि उंबऱ्यावरच बसला. तिथूनच त्याने भिंत खालपासून वरपर्यंत पाहिली.

"कधीपासून आहे हा?"

"पावसाच्या आधीपासून," ती म्हणाली. "मी खुंटी नाही ठोकली."

"खुंटीचं मी विचारलंच नाही." त्याने बोचक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पोरी, भिंत माझी आहे. पडली तर मी दुसरी बांधीन. पण तिच्या पायाशी तू निजतेस, आणि तुला काही पुन्हा बांधता येणार नाही मला. भिंत बांधून होईतो तू पडवीत राहा. तो ताकाचा प्रश्न तुझा नव्हता. तुझा विचार. मी बसलोय."

वातीवालीने दोन्ही हात पदरात धरले. 

"मी पडवीत गेले," ती म्हणाली, "आणि काम झाल्यावर परत आले, तर या दारात मीच असेन ना?"

तेली हसला नाही. ते तिला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

"तूच असशील," तो म्हणाला. "दाराला तुझं कुलूप लाव आणि किल्ली तुझ्या कनवटीला ठेव. सकाळी तू उघडशील तेव्हा काम सुरू, संध्याकाळी तू लावशील तेव्हा बंद. आणि हे मी शिंप्यासमोर बोलतोय, म्हणजे मला विसरायची सोय राहिली नाही."

भगदाडातून शिंपी म्हणाला, "मी ऐकलं."

"मीपण," बाहेरून कासारणीचा आवाज आला. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

आता लपवून ठेवलेल्या गोष्टीची भरपाई तर करावीच लागते. भिजवलेला चुना सगळा इतरांच्या घरांना लागून संपला होता. नवा चुना भट्टीवरून यायचा, भिजायचा, मुरायचा, त्याला वेळ लागणार होता. पोती सरकवली तेव्हा खालच्या दोन पोत्यांना भिंतीची ओल लागून कापूस काळा पडलेला निघाला. तो टाकावा लागला. ऐन दिवाळीच्या तोंडावर दोन देवळांना तिने वाती नाहीत म्हणून सांगितलं, आणि सांगताना तिची मान वर झाली नाही. भिंत दोन्ही घरांची, म्हणून शिंप्यालाही पडवीत जास्त राहावं लागलं. त्याने तिला बोल लावला नाही. फक्त रोज सकाळी विचारायचा, "ताई, आणखी काही झाकून ठेवलंय का?" पहिल्या दिवशी ती रडवेली झाली. चार-सहा दिवसांनी म्हणाली, "तुमची कात्री." शिंपी सबंध दिवस कात्री शोधत राहिला.

पडवी तिला वाटली होती तितकी वाईट नव्हती. घाणा कुरकुरत फिरे, ताज्या तेलाचा वास येई, आणि त्या कुरकुरीच्या लयीवर तिच्या वाती भराभर उतरत. रोज सकाळी ती कनवटीची किल्ली काढून घर उघडी, गवंडी आत जाई, आणि ठोके पडू लागत. ठोके पूर्वीसारखेच दणदणीत होते. पण आता ते तिने दार उघडल्यावर सुरू होत, आणि कधी थांबणार तेही तिला ठाऊक होतं. मग ती ठोक्याला दचकेनाशी झाली. कडी वाजली की दचके, पण ते स्वभावाला धरूनच.

थंडी सरत आली तेव्हा भिंत उभी राहिली, सरळ आणि कोरडी. वातीवालीने स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडलं. आतून ओल्या चुन्याचा गार वास आला. दारात दुसरं कुणी नव्हतं.

तिने पोती या खेपेला दाराजवळ लावली. भिंत मोकळी ठेवली. मग तिला पाठ टेकून ती बसली, कापसाचा पेळू हातात घेतला आणि वळू लागली. पलीकडे शिंप्याची कात्री चालल्याचा आवाज येत होता.

तर लहानथोरांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: घर दुरुस्त करणाऱ्याने सगळं आधी सांगावं आणि घरात राहणाऱ्याने मनातलंच विचारावं, कारण झाकलेला तडा कुणालाच बुजवता येत नाही.