सायकलच्या चाकावरच्या चार मेणबत्त्या

१ डिसेंबर, रविवार. पहाटे दाट धुके, नंतर कोवळे ऊन, वारा उत्तरेचा.

रेजिनाच्या बाबांची होडी समुद्रात जाऊन अकरा दिवस झाले होते. तांदूळ डब्याच्या तळाला गेले होते, आणि आई जेवत नव्हती, झोपत नव्हती. नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणून घरोघरी चार मेणबत्त्यांची, पानाफांद्यांची हिरवी चक्रे सजली होती. रेजिनाकडे होते सायकलचे गंजके चाक. ते घेऊन ती सुरूच्या बनात गेली. फांदीवर शिंजिराचे इवलेसे घरटे झुलत होते, म्हणून तिने फांदी ओढली नाही. पडलेल्या डहाळ्याच वेचून चाकाला गुंडाळल्या.

तेवढ्यात दवाच्या थेंबातून बोटाएवढी चंदेरी परी उतरली. तिने चाकावर चिमुकल्या मेणबत्त्या रोवल्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी.

"दर रविवारी एक पेटव आणि एक इच्छा माग. आशा, शांती, आनंद, प्रीती. गुलाबी आनंदाची, ती तिसरी. माणसाला घरी आणते ती फक्त शेवटची."

"इतके दिवस थांबू?"

"फार पूर्वी दूरदेशी गरीब मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? मग एका भल्या माणसाने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून दिल्या. दिवस दिसू लागले, की वाट पाहणं सोपं होतं, बाळ."

शेजारच्या दुलसीन मावशीने रेजिनाकडून हे ऐकले आणि ती हसली. "चाकाला पाला बांधून बाप परत येतो होय गं?"

पहिल्या ज्योतीला आई दोन घास जेवली. दुसरीला शांत झोपली. गुलाबी ज्योतीला चक्क गुणगुणली.

चौथ्या रविवारी मावशी तान्ह्या बाळाला घेऊन धावत आली. बाळ तापाने निपचित पडले होते.

"रेजिना, बाय, तुझी ती मेणबत्ती..." तिने बाळ पुढे केले.

रेजिनाने आईकडे पाहिले. आईने डोळे पुसले आणि काडेपेटी तिच्या हातात दिली.

"बाळाला बरं वाटू दे," रेजिना म्हणाली. बाळाला घाम फुटला, ताप उतरला, आणि ते भुकेने रडू लागले. मग रेजिनाही रडली.

ज्योतीत परी उभी होती. "पाचवी माझ्याकडे नाही गं. पण चाकाला शेवट कुठे असतो? दिलेली प्रीती फिरून येतेच." चारही ज्योती सोनेरी झळाळल्या, आणि त्या उजेडात परी विरून गेली.

२४ डिसेंबर, मंगळवार. आकाश निरभ्र. दुपारी सव्वाचारला होडी किनाऱ्याला लागली. बाबा आणि तीन खलाशी सुखरूप उतरले.