सर ह्युबर्टच्या पाट्या

सर ह्युबर्टना एके सकाळी शोध लागला, की मडफर्ड हे गाव त्यांच्या पूर्वजांनी निर्माण केलं. देवानं फक्त जागा दिली.

आता मडफर्ड म्हणजे इंग्लंडच्या कोपऱ्यातलं टीचभर गाव. एक चर्च, ओढ्यावर दगडी पूल, एक विहीर, बदकांचं तळं आणि मधोमध गायरान. गाव बघायला म्हणून कुणी येत नसे. आलाच तर तो रस्ता चुकलेला असे. पण गावच्या या जमीनदारसाहेबांना इतिहासाची हुक्की आली होती. त्यांनी रंगारी बोलावला आणि दिसेल तिथं पाटी ठोकली. चर्चवर पाटी : 'सर ह्युबर्ट यांच्या पूर्वजांनी उभारले.' पुलावर तीच, विहिरीवर तीच. तळ्यात पाटी उभी राहीना, म्हणून काठावरच्या झाडाला ठोकली. बदकं तेवढी सुटली.

इथवर गाव हसलं. पण शेवटची पाटी गायरानात लागली आणि तिच्यामागोमाग कुंपणाचे खांब आले, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. गावच्या गाई त्याच गवतावर जगत होत्या.

साहेबांच्या हवेलीत टॅबी नावाची मोलकरीण भांडी घासायची. तिच्या आईचं घर एका गाईच्या दुधावर चालायचं. टॅबी ओल्या हातांनीच साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, गायरान बंद झालं तर आमच्या गाईनं खायचं काय?"

"इतिहास," सर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले. मग म्हणाले, "हे बघ, मी अन्यायी नाही. माझ्या पूर्वजांनी न केलेली एक गोष्ट या गावात दाखव. एकच! रविवारी प्रार्थना सुटली की सगळ्यांदेखत दाखवायची. दाखवलीस तर गायरान गावाचं. नाहीतर सोमवारी कुंपण."

"पूर्वजांनी केली की नाही, हे ठरवणार कोण?"

"मीच. पूर्वज माझे आहेत ना!"

घ्या! चोरालाच केलं फौजदार. टॅबीनं मान डोलावली आणि पुन्हा भांड्यांकडे गेली. तिला रडू येत होतं, पण रडून गाईचं पोट भरत नाही, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी अख्खं गाव चर्चसमोर जमलं. सरांसाठी खुर्ची आली.

"काय गं, सापडलं काही?"

"नाही, साहेब," टॅबी म्हणाली. "हरले मी. सगळं तुमच्याच पूर्वजांनी केलंय."

गावानं कपाळावर हात मारला. तिची आई तर मटकन खालीच बसली. सर मात्र खुर्चीत आणखी रुंद झाले.

"फक्त एक विचारते," टॅबी पाद्रीबाबांकडे वळली. "बाबा, आपल्या गावची रीत काय? पूर्वजांनी बांधलेलं मोडलं तर?"

"ज्याच्या पूर्वजानं बांधलं, त्याच्या घरानं दुरुस्त करायचं," पाद्रीबाबा म्हणाले. "गेल्या साली साहेबांनीच ही रीत सांगून गिरणीवाल्याकडून त्याच्या आजोबांनी घातलेला बांध दुरुस्त करून घेतला."

"मग बरं झालं. साहेब, चर्चचं छप्पर गळतंय. बाबा छत्री धरून प्रवचन देतात."

सरांनी घसा खाकरला. "चर्च ना... माझ्या पूर्वजांनी नुसता आशीर्वाद दिला होता. बांधलं गावानंच."

"आणि पूल खचलाय. परवा गिरणीवाल्याची गाडी ओढ्यात गेली. भरपाई मागायला तो इथंच उभा आहे."

गिरणीवाला बाह्या सरसावत पुढे आला.

"पूल तर आमच्या फार आधीचा!" सर घाईनं म्हणाले. "कुणा साधूंनी बांधला म्हणतात."

विहिरीचा कठडा ढासळला होता, तेव्हा ती निसर्गानंच खोदली, असं ठरलं. तळ्यात कमरेएवढा गाळ होता. ते बदकांचं झालं. मोठ्या माणसांना इतिहास किती भराभर आठवतो! टॅबी शांतपणे गायरानाकडे वळली.

"तिथं काटेरी झुडपं माजलीत, साहेब. चरही बुजलेत. दरसाल गाव मिळून साफ करतं. आता तुम्ही..."

"मी कशाला?" सर खुर्चीवरून उठलेच. "गायरान आधीपासून गावाचंच आहे! माझ्या पूर्वजांनी तिथं गवताची काडीसुद्धा लावली नाही!"

बोलून गेले आणि तोंड उघडंच राहिलं.

"साहेबांनी एकच गोष्ट मागितली होती," टॅबी म्हणाली. "यातली कुठली देऊ?"

गाव खदखदा हसू लागलं. सर लालबुंद झाले. "अगं, मग माझ्या पूर्वजांनी या गावात केलं तरी काय?"

"तुम्हांला केलं, साहेब. आणि तुमची डागडुजी आज गावानं केली. तीही फुकट."

मग सर ह्युबर्ट असे हसले, की छपराचं आणखी एक कौल खाली आलं. त्यांनी सगळ्यांदेखत गायरान गावाच्या हवाली केलं आणि हवेलीच्या गोठ्यातली सगळ्यात दुभती गाय टॅबीच्या आईच्या दारात नेऊन बांधली.