तारेचा वेढा

“मग सांग, वीज या कपॅसिटरमधून जाते की नाही?”

खासनीस सरांचा प्रश्न ऐकून शार्दूलला हसूच आलं. साखर कारखान्यात वर्षभर त्यांच्या हाताखाली घासल्यावर हे विचारायचं?

“नाही जात, सर. मध्ये अडसर असतो. उलटसुलट वाहणारी वीज एका बाजूनं भरते, मागे फिरते, मग दुसऱ्या बाजूनं भरते. आरपार काहीच जात नाही, तरी तारेतलं वाहणं थांबत नाही.”

“हं...”

सर उद्या निवृत्त होणार होते. कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यांच्या, पिंजऱ्याची किल्ली आज शार्दूलला मिळायची होती. जाळीच्या दाराआड करड्या डब्यांची रांग उभी होती. पुरवठा त्यानंच तोडला होता. डब्यांची गुणगुण थांबली की ती खोली जास्तच अंगावर येते, हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“भीती वाटते?”

“छे!”

सरांचं भित्रेपण मात्र कारखानाभर प्रसिद्ध होतं. गोदामात नुसत्या पडून असलेल्या कपॅसिटरच्या टोकांनाही ते तांब्याच्या तारेचा वेढा घालून ठेवत. ‘मढ्याचे अंगठे बांधतात ना, तसं,’ असं शार्दूल कॅन्टीनमध्ये म्हणायचा, आणि चहा सांडेपर्यंत लोक हसायचे.

“पुरवठा तोडलास, त्या क्षणी हे भरत होतं की रितं होत होतं?”

“ते कसं कळणार?”

“नाही कळणार...”

“पण आत रेझिस्टर आहे, सर. साठलेली वीज त्यातून आपोआप उतरते. आणि वर आपला रॉड आहेच.”

त्यानं रबरी हातमोजे चढवले. जमिनीशी जोडलेला लांब रॉड उचलून शेवटच्या डब्याच्या टोकांना टेकवला.

चटाक्!

निळा लोळ उठला. आतला रेझिस्टर जळालेला होता. शार्दूलनं चेहरा हलू दिला नाही.

“मेलं,” तो म्हणाला. रॉड खुंटीला टांगला. मोजे घालून डबा पुसणं जमत नाही म्हणून मोजे काढले, फडकं घेतलं.

“लग्नाचं कुठवर आलं रे?” सरांनी मध्येच विचारलं.

“दिवाळीनंतर, सर. पत्रिका नाही का दिली?”

“दिलीस, दिलीस. मुलगी काय करते म्हणालास?”

“शिकवते. कराडला.”

“बोलता की नाही फोनवर?”

“रोज...” शार्दूल लाजला, आणि त्याच ओघात त्यानं फडक्याचा हात डब्याकडे नेला.

“थांब.”

सरांनी आवाज चढवला नव्हता. तरी हात तिथंच गोठला, टोकापासून वीतभर.

सरांनी मोजे चढवले, खुंटीवरचा रॉड काढला, त्याच टोकांना पुन्हा टेकवला.

चट्...

ठिणगी लहान होती. पण होती.

शार्दूलनं हात मागे घेतला. “पुरवठा नाही... मी स्वतः रितं केलं... मग ही आली कुठून?”

“वीज आत मुरलेली असते. एकदा टेकवून सगळी निघत नाही. आपण बोलत होतो, तेवढ्यात वर आली.”

सरांनी खिशातून तांब्याची तार काढली, टोकांना वेढा घातला. तो तसाच ठेवून मोजे काढले आणि उघड्या हातानं डबा पुसला, सावकाश, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तसा.



“सर, किल्ली दुसऱ्या कुणाला द्या,” शार्दूल म्हणाला.

सर त्याच्या हाताकडे बघत राहिले. तो थरथरत होता. मग त्याच हातात त्यांनी किल्ली ठेवली आणि मूठ मिटली.

जेवणाचा डबा घेऊन ते निघाले. शार्दूलनं मागून हाक मारली.

“सर... पूर्ण रितं झालं, हे तुम्हाला कसं कळतं?”

दारात सर थांबले.

“मला कुठे कळतं?”