हौसाची माडी

हौसा कासारणीच्या घराला माडी फुटली!

फुटली ती सरकारी दप्तरात. घर होतं तसंच होतं. एक खोली, पुढे पडवी आणि छप्पर इतकं खाली, की पाहुण्याने कपाळ सांभाळूनच आत यावं. पण मोहोरगडच्या चावडीचा शिपाई आला आणि दारातूनच ओरडला, "हौसाबाई, घरपट्टी तिप्पट! माडीचं घर आहे तुमचं. अमावास्येच्या आत भरा, नाहीतर घर जप्त!"

हौसाने मान वर करून पाहिलं. छपरावर एक कावळा तेवढा बसला होता.

तशीच ती तडक दप्तरात गेली. दप्तरदार विसाजीपंत विडा जमवत बसले होते.

"पंत, माझ्या घराची नोंद जरा दाखवा."

"नोंद फक्त घरमालकाला दाखवतात."

"अहो, मीच मालकीण!"

"कशावरून?"

"तुमच्या दप्तरात लिहिलंय ना!"

"दप्तरात काय लिहिलंय ते तुला काय ठाऊक? तू तर अजून पाहिलंच नाहीस!" पंतांनी विडा तोंडात कोंबला आणि पुढचं सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. त्याचा अर्थ एकच होता : चालती हो.

हौसा चालती झाली, ती थेट दरबारात.

राजे सुजाणराव भारी हट्टी. त्यांच्या आजोबांनी ते दप्तर घालून दिलं होतं, त्यामुळे दप्तर म्हणजे त्यांचं देवघर! हौसाचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच ते गरजले, "दप्तर चुकत नाही! चूक आहे असं जो म्हणेल, त्याला भर दरबारात कान धरून उठाबशा! आम्ही पुरे म्हणेपर्यंत! काय, म्हणतेस का चूक आहे म्हणून?"

"छे, छे! मी कशाला म्हणू महाराज?"

"मग पट्टी भर!"

"भरेन की. पण कशाची भरते ते तरी कानावर पडू द्या. आमच्या चिंच आळीची नोंद एकदा वाचायला सांगा."

राजांनी खूण करून विसाजीपंतांना दप्तरासकट बोलावून घेतलं. पंतांनी दप्तराचा रुमाल सोडला आणि वाचायला सुरुवात केली. "गोंदा लोहार, बैठं घर. रखमाजी तेली, बैठं घर. हौसा कासारीण, माडीचं घर, माडीला चार खिडक्या, पुढे सज्जा!" हे त्यांनी चांगलं खणखणीत वाचलं. मग त्यांना एकाएकी खोकला आला. खोकता खोकताच ते पुटपुटले, "विसाजीपंत दप्तरदार, बैठं घर, खिडकी एक... संपली आळी!"

हौसाचे डोळे लकाकले. चार खिडक्यांची, सज्ज्याची माडी चिंच आळीत खरोखरच होती. पण ती कोणाच्या घरावर होती, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं! तिने मात्र चेहरा अगदी गरीब केला.

"महाराज, एवढी मोठी माडी माझी आहे, हे मला आजच कळलं! आता ज्याची माडी त्यालाच तिथे राहायचा हक्क ना?"

"म्हणजे काय! ज्याच्या नावावर माडी, त्याचीच माडी. कोणी आडवं आलं तर आमचे शिपाई आहेत!" राजांना आता गंमत वाटू लागली होती. "आणि ऐक! दप्तराला चूक न म्हणता तुझी पट्टी उतरवून दाखवलीस, तर जन्मभर पट्टी माफ! नाही जमलं, तर आहे त्याच्या दुप्पट!"

"कबूल! फक्त ते शिपाई आजच द्या."

दुपारी विसाजीपंत जेवायला घरी आले आणि अंगणातच थबकले. त्यांच्या सज्ज्यावर गोधड्या वाळत होत्या. चारी खिडक्यांत बांगड्यांच्या माळा लटकत होत्या. त्यांच्या झोपाळ्यावर एक कोंबडी ऐसपैस बसली होती आणि जिन्याच्या तोंडाशी राजाचे दोन शिपाई भाले घेऊन उभे होते.

"ए हौसे! माझ्या माडीवर काय करतेस?"

हौसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमच्या? पंत, तुमचं तर बैठं घर! तुम्हीच वाचलंत ना सकाळी? बसा की खाली निवांत. आणि हो, चूल फार धुरकटते हो या माडीत!"

पंत पगडी सावरत दरबाराकडे धावले. मागोमाग हौसाही आली.

"महाराज, त्या कासारणीने माझी माडी बळकावली!"

"तुमची माडी?" राजे म्हणाले. "दप्तरात तर तुमचं घर बैठं आहे."

पंत पगडी चाचपू लागले. "ते... म्हणजे... तसं नव्हे..."

"कसं नव्हे?" हौसा पुढे झाली. "महाराज, दप्तराप्रमाणे चिंच आळीत माडी एकच, आणि ती माझी. प्रत्यक्षातही आळीत माडी एकच. दप्तर चुकत नाही, मग ती दुसऱ्या कोणाची असेल? मी तर तिची पट्टीसुद्धा आनंदाने भरते! हां, आता पंतांचं म्हणणं असेल की दप्तरात..."

"चूक आहे!" पंत किंचाळले. "दप्तरात चूक आहे! माडी माझी आहे!"

पंतांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण शब्द केव्हाच बाहेर पडला होता.

आधी राजांचं पोट हललं, मग खांदे हलले आणि मग ते इतके हसले, की डोळे पुसायला दोन पंचे लागले. "वा गं बाई! चूक न म्हणता दप्तरदाराकडूनच म्हणवलीस! पंत, धरा कान! माडी तुमचीच. तिची आजवरची सगळी पट्टीही तुमचीच!"

पंतांच्या उठाबशा सुरू झाल्या. राजांनी हौसाला जन्माची पट्टी माफ केली आणि वर जरीचं लुगडं दिलं.

"आणखी काय हवं ते माग!"

"येत्या बाजारी सगळ्या गावाचं दप्तर चावडीवर मोठ्याने वाचा महाराज. न खोकता!"

राजे पुन्हा हसत सुटले आणि त्यांनी लगेच दवंडी पिटवली. दवंडी फिरली मात्र, भले भले शेठसावकार घाम पुसत दप्तराकडे पळत सुटले. बाजाराचा दिवस उजाडायच्या आत मोहोरगडात इतक्या माड्या उगवल्या, की लिहिता लिहिता कारकुनांची शाई संपली!