सुगरणीने लॅपटॉप घेतला

शप्पथ सांगतो, ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, ते सोडा. जंगलातली सुगरण लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. मोराच्या लग्नाचा व्हिडिओ संध्याकाळी मांडवात दाखवायचा होता आणि ऐन सकाळी तिच्या लॅपटॉपने मान टाकली.

ती अस्वलाच्या दुकानात धावली. "मला घ्या, ताई! पिसासारखा हलका, आवाज म्हणून नाही," चंदेरी लॅपटॉप म्हणाला. कोपऱ्यातला जाडजूड काळा गप्प होता. "आजोबा, तुम्ही झोपा!" चंदेरी खिदळला.

सुगरण घरट्याची काडीसुद्धा आधी वाकवून बघते. तिने दोघांनाही मोराच्या नाचाची फाइल दिली. त्यात पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा मिचकावत गरगर फिरायचा. तिसऱ्याच डोळ्याला चंदेरी तापला आणि थिजला. काळ्याचा पंखा असा घोंघावला की अस्वलाची टोपी छपरावर गेली, पण नाच पुरा झाला.

"ताई, एवढा आवाज चालेल?" अस्वलाने विचारलं.

"चालेल की, दादा! तो दुकानात बोलला आणि कामाला बसल्यावर गप्प झाला. हा कामाला बसल्यावर बोलतोय."

संध्याकाळी मांडवात सगळ्यांच्या आधी मोरानेच शिट्टी मारली.

आता खोटं काय ते कबूल करतो: टोपी. अस्वल टोपी घालतच नाही.