करंजपाड्याचं तपेलं

“कुणाचीच नाही, सगळे वापरतात आणि तरीही धड आहे, अशी एक वस्तू मला दाखवा. मग सोलरचे पैसे देतो.”

दाजीसाहेब खर्डेकरांची ही अट घेऊन जिवलाकाका घाट चढून करंजपाड्यावर परतले तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. काका पाड्याचे कारभारी. दाजीसाहेब खालच्या तालुक्याच्या गावचे बडे बागायतदार. आईच्या नावाने ट्रस्ट काढून देणग्या देणारे, आणि एकदा बोलले की तसूभर न हलणारे.

पाड्यावर विजेचे खांब आले नव्हते आणि येतील असंही दिसत नव्हतं. सोलरचं छोटं वीजघर झालं असतं तर घराघरात दिवा लागला असता. त्याहून मोठं म्हणजे चक्की फिरली असती. नागली दळायला बायका डोक्यावर गठुडं घेऊन घाट उतरत आणि पीठ घेऊन पुन्हा चढत. बुधी भोयेच्या आईची मान त्या ओझ्याने कायमची एका अंगाला कलली होती. आता ते गठुडं बुधीच्या डोक्यावर आलं होतं.

“ही कसली अट, काका?” बुधीने विचारलं.

“मागं एका गावाला त्यांनी सोलरचे दिवे दिले होते. वर्षाच्या आत बॅटऱ्या गायब. सोलरची एक पाटी तर कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून सापडली. तेव्हापासून डोक्यात राख घालून बसलेत. देवाची वस्तू चालणार नाही, सरकारी चालणार नाही, झाड नाही, ओढा नाही. माणसानं घडवलेली हवी, आणि त्यांच्या दारात नेऊन दाखवायची.”

माणसं ओट्यावर जमली. कुणी म्हणालं, ढोल नेऊ. तो देवाचा. शाळेची घंटा? ती सरकारी. एकजण म्हणाला, विहिरीचा दोर तर सगळ्यांचा आहे.

“होता,” काका म्हणाले. “सध्या तुझ्या म्हशीच्या गळ्यात आहे.”

तेवढ्यात शेजारची सोमीवहिनी डोकावली. “बुधी, तपेलं कुणाकडं आहे गं? परवा बारसं आहे आमच्याकडं.”

“आमच्याकडंच...” म्हणता म्हणता बुधी थांबली. मग उठून उभी राहिली. “वहिनी, बारसं जरा पुढं ढकला. काका, गाडी जुंपा.”

दाजीसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. समोर तांब्याचं भलंमोठं तपेलं येऊन टेकलं. बाहेरून लखलखीत, आतून कल्हई केलेलं आणि काठोकाठ नागलीच्या पापडांनी भरलेलं.

“हे काय?”

“तुमची वस्तू,” बुधी म्हणाली. “लग्नाचा भात, बारशाच्या घुगऱ्या, पाड्याचं सगळं यातच शिजतं. शेवटी ज्याच्याकडं कार्य झालं त्याच्या घरी राहतं, पुढचा मागायला येईपर्यंत. घ्या ना, पापड घ्या. भाजलेलेच आहेत.”

दाजीसाहेबांनी एक पापड मोडला. मग दुसरा. “विकत घेतो तपेलं. बोला किंमत.”

“विकायला मालक लागतो. सापडला तर आम्हालाही दाखवा.”

“असं? मग बुडाला हे ठिगळ कसलं? म्हणजे मोडलं होतं!”

“माझ्या आजोबांनी गाडीवरून पाडलं. ज्याच्या हातून मोडलं त्यानं सांधायचं, तोवर त्याच्या घरात कार्य नाही. तांबट सापडेपर्यंत आत्याचं लग्न अडलं. आजोबा गेले, पण आत्या अजून त्यांना बोलते.”

दाजीसाहेबांच्या मिशा हलल्या. तिसरा पापड हातात आला. “तपेल्याचं ठीक आहे. बॅटरी काही वर्षांत बसते. नवी कुठून आणाल? पुन्हा माझ्या दारात याल?”

“दळायला येणारी प्रत्येक बाई चक्कीवर मूठभर नागली ठेवणार. तिचे पापड करून विकायचे, तो पैसा बॅटरीचा. पापड कसे झालेत ते तुम्हीच सांगा.”

दाजीसाहेबांनी तोंडातला घास घाईघाईने गिळला. पण ते दाजीसाहेब होते. झोपाळ्याला रेटा देऊन म्हणाले, “विचार करतो. सावकाश कळवतो.”

काकांनी हताश होऊन बुधीकडे पाहिलं. बुधीने शांतपणे नमस्कार केला आणि पायऱ्या उतरू लागली.

“अरे, तपेलं न्या की!”

“आम्ही कसं नेऊ? आता ते तुमच्याकडं आहे,” बुधी वळून म्हणाली. “त्यातलं खाल्लंत तुम्ही. आता चिंच-राख लावून घासायचं आणि पुढच्या घरी पोचवायचं. सोमीवहिनीचं बारसं अडलंय, तेवढं लक्षात असू द्या. आणि एक सांगायचं राहिलं.”

“काय?”

“रिकामं परत द्यायची रीत नाही आमच्यात. आम्हीसुद्धा भरून आणलं.”

झोपाळा थांबला. दाजीसाहेबांनी तपेल्याकडे पाहिलं, हातातल्या अर्ध्या पापडाकडे पाहिलं आणि ते असे हसले, असे हसले की आतून दिवाणजी धावत आले.

“पोरी, सोलरच्या पाट्या या तपेल्यात मावतील का गं?”

“नाही मावणार,” बुधी म्हणाली. “त्या वेगळ्या गाडीतून पाठवा. यात चक्कीची मोटर बसेल. मी मापून आणलंय.”

दाजीसाहेबांनी डोळे पुसले आणि चौथा पापड उचलला. “दिवाणजी, सोलरवाल्याला फोन लावा. नाही, थांबा. आधी चिंच आणा.”