रस कुणाचा, वजन कुणाचं

चिंचखेडच्या इनामदारांचं वजन एवढं वाढलं, की त्यांना येताना पाहूनच घोडी खाली बसू लागली. त्रिंबकवैद्यांनी सांगितलं, "मटण बंद. महिनाभर नुसत्या रसावर राहा."

वैद्यांच्या मनात होता दुधीचा रस. पण वैशाखात इनामदारांना एकच रस ठाऊक! वाट्यांवर वाट्या आमरस, वर तुपाची धार. महिन्यानं अंगरख्याचे बंद बांधता येईनात.

"वैद्य लबाड आहे! आजच गावाबाहेर काढा," इनामदार गरजले.

स्वयंपाकीण भिवराबाई दारातच उभी होती. तापानं फणफणलेली तिची लेक याच वैद्यांनी वाचवली होती. ती पुढं झाली.

"सरकार, औषध लागू पडलंय. वजन उतरलं की!"

"कुणाचं?"

"कोठीतल्या आंब्याच्या आढीचं. कमरेएवढी होती, आता जमिनीला टेकली."

इनामदार पोट धरधरून हसले. "मग आमचं कधी उतरायचं?"

"दुधीचा रस सुरू झाला की."

आषाढात इनामदारांना पाहून घोडी उभीच राहिली. वैद्यांनी हात जोडले, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"तुम्ही काय फेडताय, वैद्यबुवा? मी तर आत्ता कुठं फेडायला लागलेय."